मराठी कान आणि इंग्रजी उच्चार : आंतरजालावरील साधनांचे परीक्षण

मराठी विद्यार्थ्याच्या इंग्रजी उच्चारांचा प्रश्न आजचा नाही. कोल्हापुरात राजाराम कॉलेजची स्थापना १८८० साली झाली. तेव्हापासून दक्षिण महाराष्ट्रात इंग्रजीचे उच्च अध्ययन चालत आले, ते मुख्यतः ग्रंथांच्या आधारे. शब्द कसा लिहावयाचा हे पुस्तक सांगत असे. तो कसा उच्चारावयाचा हे सांगावयास शिक्षकाच्या मुखावाचून दुसरे साधन नव्हते, आणि त्या शिक्षकाचा उच्चारही बहुधा त्याच्या मराठी शिक्षकाकडूनच आलेला असे. पुढे ग्रामोफोनच्या तबकड्या आल्या, नभोवाणी आली, ध्वनिफिती आल्या; परंतु ही साधने शहरातल्या मोजक्या संस्थांच्या पलीकडे फारशी गेली नाहीत. २००० सालापासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून शिकविले जाऊ लागले. विषय खेडोपाडी पोहोचला, उच्चार मात्र पोहोचला नाही.

ही उणीव आंतरजालाने भरून काढली, असे प्रथमदर्शनी वाटते. चंदगड वा शाहूवाडी तालुक्यातील विद्यार्थ्याच्या हातातील मोबाइलवर केंब्रिज आणि ऑक्सफर्ड येथील कोश आज विनामूल्य उघडतात. कोणत्याही शब्दापुढील ध्वनिचिन्हावर बोट ठेवले की ब्रिटिश आणि अमेरिकन असे दोन्ही उच्चार ऐकू येतात. २००८ साली सुरू झालेल्या फोर्वो या संकेतस्थळावर निरनिराळ्या देशांतील लोकांनी स्वतःच्या आवाजात शब्द ध्वनिमुद्रित केले आहेत. यूग्लिशवर एखादा शब्द शोधला असता तो ज्यांत उच्चारला गेला आहे अशी चित्रफितींतील वाक्ये एकामागून एक समोर येतात. बीबीसीच्या इंग्रजी शिक्षणविभागाने एकेका ध्वनीचे पाठ तयार केले आहेत. एल्सासारखी ॲप्स याही पुढे जाऊन विद्यार्थ्याचे बोलणे ऐकतात, त्याला गुण देतात आणि कोणता ध्वनी चुकला तो रंगाने दाखवितात. एवढी विपुलता पूर्वीच्या कोणत्याही पिढीच्या वाट्यास आलेली नव्हती, आणि तिचे मोल नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

परंतु विपुलता म्हणजे उपयुक्तता नव्हे. या साधनांची रचना निरनिराळी असली तरी त्यांपैकी बहुतेकांच्या मुळाशी एकच गृहीत आहे : योग्य उच्चार ऐकविला की तो ऐकू येतो, आणि ऐकू आला की पुनरावृत्तीने तो जिभेवर बसतो. हे गृहीत मराठी भाषकाच्या बाबतीत कितपत खरे ठरते, हे तपासले म्हणजे या साधनांचे यथार्थ मूल्यमापन होऊ शकेल.

ध्वनी कानावर पडणे आणि ध्वनी ऐकू येणे या दोन भिन्न क्रिया आहेत. प्रत्येक भाषेची ध्वनिव्यवस्था म्हणजे भेदांची एक निवड असते. जे भेद ती भाषा अर्थासाठी वापरते, ते तिच्या भाषकाच्या कानास सहज जाणवतात; जे वापरत नाही, ते कानावर पडूनही एकरूप भासतात. मराठी माणसाला ‘चार’ या संख्यावाचकातील तालव्य च आणि ‘चारा’मधील दंतमूलीय च यांतील भेद बालपणापासून ठाऊक असतो. दुनिया या अर्थाचा ‘जग’ आणि ‘जगणे’ या क्रियापदाचा आज्ञार्थी ‘जग’ यांत त्याची गल्लत होत नाही. लिपी दोन्ही ठिकाणी एकच चिन्ह वापरते, तरीही कान भेद राखतो. उलट जो भेद मराठीने अर्थासाठी वापरलेला नाही, तो शंभर वेळा ऐकविला तरी कान त्याला आपल्या जुन्या कप्प्यातच टाकतो. तेव्हा ‘ऐका आणि म्हणा’ ही आज्ञा ज्याला भेद अगोदरच ऐकू येतो त्याच्याच उपयोगाची. ज्याला तो ऐकू येत नाही त्याच्या हाती ती काहीच देत नाही.

याचे एक उदाहरण इंग्रजीतील ऱ्हस्व आणि दीर्घ इ यांचे. जहाज या अर्थाचा ‘शिप’ आणि मेंढी या अर्थाचा ‘शीप’ यांतील भेद देवनागरीत स्पष्ट लिहिता येतो. त्यामुळे मराठी विद्यार्थ्याला त्यात अडचण नसावी, असा समज होतो. प्रत्यक्षात मराठीत इकार-उकारांची लांबी बव्हंशी शब्दातील स्थानावरून ठरते. अकारान्त मराठी शब्दाचा उपान्त्य इकार वा उकार दीर्घ लिहावा, हा १९६२ च्या लेखननियमांतील दंडक उच्चारातील याच प्रवृत्तीवर आधारलेला आहे : वीस, तीळ, पूल, दूध. व्यंजनात मिटणाऱ्या एकाक्षरी शब्दाचा स्वर लांबविणे हे मराठी जिभेचे वळणच आहे. म्हणूनच इंग्रजीतून आलेले ‘बिल’ दुकानाच्या पाटीवर ‘बील’ होते. असा विद्यार्थी ‘शिप’ ऐकतो, ‘शीप’ म्हणतो आणि आपण ऐकले तेच म्हटले, अशी त्याची प्रामाणिक खात्री असते. भेद आहे एवढे सांगून येथे भागत नाही. आपल्या भाषेतील कोणत्या सवयीमुळे तो पुसला जातो, हे त्याला कळावयास हवे. ते सांगणारे साधन आंतरजालावर विरळा.

दुसरे उदाहरण याहून उद्बोधक आहे. इंग्रजीत शब्दारंभीच्या आघातयुक्त प, ट, क यांच्या मागोमाग श्वासाचा झोत येतो. म्हणजे ते किंचित महाप्राण असतात. मराठी विद्यार्थी ते अल्पप्राण उच्चारतो, कारण लिपीत तो ‘पॅन’ असे लिहितो आणि प हा अल्पप्राण आहे. हा झोत नसला म्हणजे इंग्रजी कानाला तेथे ‘बॅन’ ऐकू येण्याचा संभव असतो. आता याच विद्यार्थ्याचा ‘फॅन’ पाहावा. ज्याच्या बोलीत फ हा ओठ मिटून उच्चारला जाणारा जुना महाप्राण ध्वनी आहे, त्याचा ‘फॅन’ इंग्रजी श्रोत्याला ‘पॅन’ वाटतो. म्हणजे ‘फॅन’ म्हणावे तर ‘पॅन’ ऐकू जाते आणि ‘पॅन’ म्हणावे तर ‘बॅन’! यात विशेष असे की, इंग्रजी प साठी जो महाप्राण लागतो तो मराठी विद्यार्थ्याजवळ जन्मतः आहे. फक्त तो त्याने चुकीच्या जागी खर्च केला आहे. ज्या शिक्षकाला ही देवघेव ठाऊक आहे, त्याला ती दहा मिनिटांत उलगडून दाखविता येते. ज्या साधनाला ती ठाऊक नाही, ते दोन्ही शब्दांपुढे लाल रंग दाखवून मोकळे होते.

या ठिकाणी असा आक्षेप संभवतो की, कित्येक साधने आता ‘भारतीय विद्यार्थ्यांसाठी’ म्हणून खास तयार केलेली असतात. आक्षेप रास्त आहे. परंतु या साधनांतील ‘भारतीय’ हा बहुशः हिंदी भाषक असतो. शब्दारंभीच्या स्क, स्ट अशा जोडाक्षरांपूर्वी इ लावू नये, ‘इस्कूल’ म्हणू नये, असा उपदेश त्यांत आवर्जून आढळतो. मराठी भाषकाला त्याची गरज नाही. स्नान, स्थळ, स्पष्ट हे शब्द तो बालपणापासून सरळ उच्चारतो. आणि ग्रामीण बोलीत जोडाक्षर सोपे करावयाचेच झाले तर तो आरंभी इ जोडण्याऐवजी स गाळून ‘ठेसन’ म्हणतो. दंत्यौष्ठ्य आणि ओष्ठ्य अशा इंग्रजीतील दोन व-कारांचेही तसेच. भारतीय लोक हे दोन्ही एकच करतात, असे विधान या पाठांतून सरसकट केले जाते. मराठीने मात्र पहिल्यासाठी ‘व्ह’ आणि दुसऱ्यासाठी ‘व’ अशी लेखनातच वाटणी केली आहे : ‘व्हॅन’ आणि ‘वॉल’, ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’. मराठी भाषक हा भेद राखतो, परंतु तो निराळ्या साधनाने, म्हणजे महाप्राणाने राखतो. त्याला ‘तू भेद करीत नाहीस’ असे सांगणे चूक आहे. ‘भेद आहेच, फक्त श्वासाऐवजी दात आणि ओठ यांच्या घर्षणाने कर’, हे सांगणे योग्य आहे. इंग्रजीतील सघोष घर्षक स-काराची गोष्ट हीच. हिंदी भाषकाकडून त्याचा ज होतो, तर मराठीत त्यासाठी झ योजिला जातो : झेब्रा, साइझ, क्विझ. येथेही मराठी विद्यार्थ्याची अडचण निराळी आहे आणि तिच्यावरचा उपायही निराळा असावयास हवा.

मराठी भाषकाच्या अडचणींप्रमाणेच त्याच्या अनुकूलताही या साधनांना अज्ञात आहेत. इंग्रजीतील ‘कॅट्स’ या अनेकवचनाचा अंत्य ध्वनी मराठीतील ‘चारा’मधल्या च-कारास अत्यंत निकटचा आहे, ‘बेड्स’चा अंत्य ध्वनी ‘जाड’मधल्या ज-कारास. जे अन्य अनेक भारतीय विद्यार्थ्यांना कष्टाने साधावे लागते, ते मराठी विद्यार्थ्याच्या मुखी आधीच आहे. शिक्षणशास्त्राचा साधा नियम असा की, विद्यार्थ्याजवळ जे आहे तेथून आरंभ करावा. सर्वांसाठी म्हणून निर्माण केलेले साधन हा नियम पाळू शकत नाही, कारण विद्यार्थ्याजवळ काय आहे हेच त्याला माहीत नसते.

प्रमाण मराठीकडून बोलीकडे वळावे तो प्रश्न आणखी सूक्ष्म होतो. कोल्हापूर परिसरातील ग्रामीण बोलीत शब्दारंभीच्या ए-पूर्वी य-काराची आणि ओ-पूर्वी व-काराची छटा येते : एकचे ‘येक’, ओढ्याचे ‘वढा’. सीमेपलीकडील कन्नडातही ही प्रवृत्ती आढळते, हे या प्रदेशाच्या भाषिक सरमिसळीशी सुसंगतच आहे. एस.टी.ला ‘यष्टी’ हे रूप याच नियमाने मिळाले. अशा बोलीत वाढलेला विद्यार्थी इंग्रजी वर्णमाला म्हणू लागला की ‘एस’ हे अक्षर आणि होकारार्थी ‘येस’ यांचा उच्चार एक होतो. या विद्यार्थ्याची वर्गात थट्टा होते. परंतु त्याचे ‘यष्टी’ हे अज्ञानातून आलेले नसून एका नियमबद्ध ध्वनिव्यवस्थेतून आले आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. ते सांगितले तर दोन गोष्टी साधतील : दोष नेमका कोठे आहे ते कळेल, आणि आपली बोली हाच दोष आहे हा गैरसमज जाईल.

येथवर ध्वनींच्या ग्रहणाचा विचार झाला. गुण देणाऱ्या ॲप्सनी आणखी एक प्रश्न उभा केला आहे : हे गुण कोणत्या मापाने द्यावयाचे? यंत्र विद्यार्थ्याचे बोलणे अपेक्षित ध्वनींशी जुळवून पाहते आणि ज्या भाषकांच्या ध्वनिमुद्रणांवरून ते घडविले आहे त्यांच्यापासूनचे अंतर मोजते. हे भाषक मुख्यतः अमेरिकन असतील, तर मराठी विद्यार्थ्याचा मूर्धन्य ट हा त्या मापाने दोष ठरणार. तो ट ऐकून श्रोत्याला शब्द कळला की नाही, हा प्रश्न यंत्र विचारीत नाही. त्याला विचारताच येत नाही. परकी ढब आणि दुर्बोधता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ढब ठळक असूनही बोलणे पूर्णपणे कळू शकते, हे मन्रो आणि डर्विंग यांनी १९९५ साली प्रयोगान्ती दाखविले. यंत्र मोजते ती ढब. विद्यार्थ्याला हवी असते ती सुबोधता.

सुबोधतेचा शास्त्रीय विचार भारतात पूर्वीच झालेला आहे. हैदराबाद येथे १९५८ साली केंद्रीय इंग्रजी संस्था स्थापन झाली. तीच आजचे इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठ होय. १९५० च्या सुमारास राजाराम कॉलेजचे प्राचार्य असलेले वि. कृ. गोकाक पुढे या संस्थेचे संचालक झाले, हा कोल्हापूरचा तिच्याशी असलेला एक दुवा. या संस्थेतील रा. कृ. बन्सल यांचा भारतीय इंग्रजीच्या सुबोधतेवरील प्रबंध १९६९ साली प्रसिद्ध झाला. भारतीय वक्त्यांचे बोलणे ब्रिटिश श्रोत्यांना सरासरी सुमारे ७० टक्के कळले, असे त्यांना आढळले; आणि न कळण्याच्या प्रमुख कारणांत शब्दाघाताचे दोष होते. ‘फोटोग्राफ’मध्ये आघात पहिल्या अवयवावर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर आणि ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर, हे आघाताचे स्थलांतर मराठीला अपरिचित आहे. देवनागरी त्याची कसलीच नोंद करीत नाही. त्यामुळे ज्या मराठी चित्रफिती शब्दांचे उच्चार देवनागरीत लिहून शिकवितात, त्या विद्यार्थ्याच्या सर्वांत जवळच्या असूनही नेमकी हीच गोष्ट त्यांच्या हातून निसटते.

या निष्कर्षाशी २००० सालच्या एका ग्रंथाची तुलना उपयुक्त ठरेल. जेनिफर जेन्किन्स यांनी इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा लोकांच्या परस्पर संभाषणाचा अभ्यास करून सुबोधतेस आवश्यक असा उच्चारांचा एक गाभा निश्चित केला. आरंभीच्या प, ट, क यांचा महाप्राण आणि स्वरांची लांबी यांना त्यात स्थान आहे. ज्यासाठी मराठी विद्यार्थी थ आणि द योजतात त्या दंत्य घर्षकांना नाही. शब्दाघातही जेन्किन्स यांनी गाभ्याबाहेर ठेवला आहे. बन्सल आणि जेन्किन्स यांच्यातील हा विरोध वरवर पाहता गोंधळात टाकणारा वाटेल. परंतु त्याचे कारण श्रोत्यात आहे. बन्सल यांचे मुख्य श्रोते ब्रिटिश होते, जेन्किन्स यांचे श्रोते इंग्रजी शिकून बोलणारे. सुबोधता हा उच्चाराचा निरपेक्ष गुण नव्हे; ती बोलणारा आणि ऐकणारा यांच्यामधील गोष्ट आहे. कोल्हापूरच्या पदवीधराचा श्रोता कोण? पुण्यातील मुलाखतमंडळ, बंगळूर वा चेन्नई येथील सहकारी, आणि काही प्रसंगी दूरध्वनीवरचा अमेरिकन वा ब्रिटिश ग्राहक. हे तिन्ही श्रोते ध्यानात घेऊन क्रम लावावयाचा झाल्यास महाप्राण आणि स्वरांची लांबी यांना पहिले स्थान द्यावे लागेल, कारण त्यांवर दोन्ही अभ्यासकांचे दुमत दिसत नाही. परकी श्रोत्याशी ज्याला नित्य काम आहे, त्याने शब्दाघात त्यांच्या जोडीस घ्यावा. थ-काराचे घर्षण आणि ट-काराचे स्थान ही कोणासाठीही शेवटची पायरी होय. ॲप्सवर मात्र हे सारे ध्वनी एकाच रांगेत उभे असतात.

या चुकीच्या क्रमाची किंमत लहान नाही. विद्यार्थी जेथे श्रमण्याची गरज नाही तेथे महिनोन्‌महिने श्रमतो, जेथे आहे तेथे त्याला दोष ऐकूच येत नाही, आणि अखेर यंत्राने दिलेले गुण म्हणजे आपली लायकी अशी त्याची समजूत होते. मग बोलण्याची संधी आली असता तो गप्प राहतो. उच्चाराच्या दोषापेक्षा हे मौन अधिक हानिकारक आहे. शिवाय शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेतील कोल्हापूर, सांगली, सातारा या जिल्ह्यांतून इंग्रजीचे जे पदव्युत्तर विद्यार्थी बाहेर पडतात, त्यांच्यापैकी अनेक जण शिक्षक होतात. त्यांच्या मनातील हा गोंधळ पुढल्या पिढीच्या वर्गात उतरतो.

यावर कोणी असे म्हणेल की, जगाच्या बाजारात ब्रिटिश वा अमेरिकन उच्चारालाच मान आहे, तेव्हा आदर्श तोच ठेवणे शहाणपणाचे. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. परंतु आदर्श कोणताही ठेवला तरी तेथवर जाण्याची वाट विद्यार्थ्याच्या स्वतःच्या भाषेतूनच जाते. वरील विवेचन वाटेविषयी आहे, मुक्कामाविषयी नाही. शिवाय मुक्कामही आता एकच राहिलेला नाही. हैदराबादच्या संस्थेने १९७२ सालीच सुशिक्षित भारतीय इंग्रजीच्या ध्वनिव्यवस्थेचे वर्णन प्रसिद्ध केले होते. आणि ऑक्सफर्डच्या बृहत्कोशात भारतीय इंग्रजीतील शब्दांना आज भारतीय उच्चारही दिलेले आढळतात.

मराठीपुरते बोलावयाचे तर पाया घातला गेल्यास अर्धशतकाहून अधिक काळ लोटला आहे. अशोक केळकर यांचा मराठी भाषकांच्या इंग्रजीवरील निबंध १९५७ साली न्यूयॉर्कच्या ‘वर्ड’ या भाषाशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मराठी माणूस इंग्रजी बोलतो तेव्हा काय घडते, याचे व्यवस्थेच्या अंगाने केलेले वर्णन तेव्हापासून उपलब्ध आहे. ते अभ्यासकांच्या कपाटात राहिले. विद्यार्थ्याच्या मोबाइलपर्यंत पोहोचले नाही. ज्या कंपन्या ही ॲप्स तयार करतात त्यांनी मराठीचा अभ्यास करावा, ही अपेक्षा व्यर्थ आहे. त्यांचा बाजार जगभर पसरलेला आहे आणि मराठी हा त्यातील एक कोपरा. हे काम मराठी प्रदेशातील विद्यापीठांचे आहे, आणि त्याला मोठ्या यंत्रसामग्रीची गरज नाही. मराठी विद्यार्थ्याला न ऐकू येणाऱ्या वीस-पंचवीस भेदांच्या शब्दजोड्या, प्रत्येक जोडीमागे मराठीच्या कोणत्या सवयीने तो भेद पुसला जातो याचे मराठीतून चार वाक्यांचे स्पष्टीकरण, प्रथम केवळ ओळखण्याचा आणि नंतर उच्चारण्याचा सराव, आणि कोल्हापूरच्या बोलीसाठी एक स्वतंत्र प्रकरण, एवढ्याने आरंभ होऊ शकेल. ध्वनिमुद्रणासाठी विद्यार्थ्यांचेच आवाज आहेत, परिणाम तपासण्यासाठी वर्ग आहेत, आणि पदव्युत्तर प्रबंधिकेला याहून उपयुक्त विषय शोधूनही मिळणे कठीण.

असे साधन सिद्ध होईपर्यंत उपलब्ध साधनांचा त्याग करण्याचे कारण नाही. त्यांच्याकडून काय घ्यावयाचे एवढे ठरविले म्हणजे पुरे. कोशांतून आघाताची खूण घ्यावी, कारण ती तेथे प्रत्येक शब्दावर विश्वसनीय रीतीने दिलेली असते. फोर्वो आणि यूग्लिश यांच्यावरून एकच शब्द निरनिराळ्या मुखांतून ऐकावा, म्हणजे इंग्रजी उच्चार एकजिनसी नाही हे ध्यानी येईल. गुण देणाऱ्या ॲपकडून अथक पुनरावृत्तीची सोय घ्यावी, निर्णय घेऊ नये. निर्णयासाठी शब्दांची एक यादी वाचून दाखवावी आणि समोरच्याने त्याला जे ऐकू आले ते लिहून काढावे. ‘पॅन’ सांगितल्यावर कागदावर काय उमटले, ‘शिप’ सांगितल्यावर काय उमटले, हे पाहणे ही सुबोधतेची अत्यंत साधी आणि प्रामाणिक परीक्षा आहे, आणि तिला दोन माणसे व एक पेन्सिल यांपेक्षा अधिक काही लागत नाही.